पसरला म्हणजे कुठे, किती, केव्हा?

कर्करोगाच्या बाबतीत आपल्याकडे एक शब्द निकालासारखा वापरला जातो: 'पसरलाय'. डॉक्टर थोरल्या मुलाला बाहेर बोलावून तो हलक्या आवाजात सांगतात, मुलगा घरच्यांना सांगतो, आणि ज्याचा आजार त्याला बहुधा कोणी सांगतच नाही. त्या दिवसापासून रुग्णाच्या प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर ठरून जातं. जेवण जात नाही, कारण पसरलाय. उठलं की चक्कर येते, कारण पसरलाय. पुढची तपासणी कशाला, पसरलाय ना आता.

माझं म्हणणं असं, की हे अर्धवट वाक्य आहे आणि आपण ते पूर्ण समजून चालतो. कुठे पसरला, किती ठिकाणी, मूळ आजारानंतर किती काळाने, आणि ज्या अवयवात शिरला त्या अवयवाचं काम अजून चालू आहे का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय 'पसरलाय' या शब्दाला वैद्यकीय अर्थ येत नाही. त्याच्याही आधी पाचवा प्रश्न उभा असतो: जे दिसतंय ते खरोखर पसरणं आहे का? हे पाचही प्रश्न ज्या एका अवयवात लख्ख दिसतात तो म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी. पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क म्हणतात. बहुतेक कुटुंबांना तिचं नाव पहिल्यांदा कळतं ते स्कॅनच्या रिपोर्टमध्येच.

१. एवढ्याशा ग्रंथीत कर्करोग का जातो?

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक अ‍ॅड्रिनल बसलेली असते, उजवी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीसारखी. दोन्ही मिळून वजन जेमतेम दहा ग्रॅम. तरीही इतर अवयवांतून निघालेला कर्करोग जिथे जाऊन वसतो त्या जागांत फुप्फुस, यकृत आणि हाडं यांच्याखालोखाल या ग्रंथीचं नाव घेतलं जातं. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या, कर्करोगाने मृत्यू आलेल्या एक हजार जणांच्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात सुमारे २७ टक्क्यांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये कर्करोग सापडला होता. त्यातल्या बहुतेकांना हयातीत या ग्रंथीचा वेगळा असा त्रास जाणवला नसणार, कारण एका बाजूची गाठ सहसा गप्प असते.

याचं एक सरळ कारण रक्तपुरवठा. इतक्या लहान ग्रंथीला तीन बाजूंनी धमन्या येतात आणि वजनाच्या मानाने तिला मिळणारं रक्त भरपूर असतं. पण केवळ रक्त जास्त म्हणून कर्करोग जास्त, हे उत्तर पुरत नाही. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच त्यावर बोट ठेवलं होतं. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. यकृतात दुय्यम गाठी वारंवार दिसत होत्या आणि प्लीहेत क्वचित. रक्ताच्या ओघाने सगळं ठरत असतं, तर इतका फरक पडायचं कारण नव्हतं. पॅजेट यांनी त्यासाठी बी आणि जमीन यांची उपमा वापरली: बी चारी दिशांना उडतं, रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. पुढे अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट जेम्स यूइंग यांनी सगळं रक्तवाहिन्यांच्या मार्गांवर आणलं आणि पॅजेट बरीच वर्षं मागे पडले. १९७० च्या दशकात संशोधक आयझाया फिडलर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांनी त्यांना पुन्हा पुढे आणलं. रक्तात सोडलेल्या कर्कपेशींपैकी हजारातली एखादीही नवी गाठ धरत नाही, असं त्या प्रयोगांत दिसलं. आजचं मत दोन्हींना जागा देतं: रक्ताचा मार्ग बी कुठे पोचेल ते ठरवतो, जमीन ते उगवेल का ते ठरवते.

माझ्या युक्तिवादासाठी यातली महत्त्वाची गोष्ट एवढीच, की पसरणं हा फुटलेल्या धरणासारखा सगळीकडे एकदम होणारा प्रकार नाही. ती एक निवडक, अडथळ्यांची आणि बहुतेक वेळा फसणारी प्रक्रिया आहे. एखाद्या रुग्णात ती एकाच जागी यशस्वी होते, दुसऱ्यात पन्नास जागी. दोघांच्या फाइलवर मात्र आपण एकच शब्द लिहितो.

२. आधी खात्री: ती गाठ कर्करोगाचीच आहे का?

काहीही तक्रार नसलेल्या माणसांच्या पोटाचे सीटी स्कॅन काढले, तर शंभरातल्या चार-पाच जणांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ दिसते. वय वाढतं तसं हे प्रमाणही वाढतं. यातल्या बहुतेक गाठी अडिनोमा असतात, म्हणजे निरुपद्रवी. आता विचार करा: ज्या वयात अशा गाठी वाढतात, त्याच वयात कर्करोगही होतात. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या साठीच्या माणसाच्या अ‍ॅड्रिनलमध्ये दोन सेंटिमीटरची गाठ दिसली, तर ती कर्करोगाची असू शकते किंवा गेली दहा वर्षं तिथे निवांत बसलेला अडिनोमाही असू शकतो. या फरकावर सगळं पारडं फिरतं. कर्करोग फुप्फुसापुरता असेल तर शस्त्रक्रियेने बरा करण्याचा विचार होतो, ग्रंथीत गेला असेल तर तोच आजार चौथ्या टप्प्याचा ठरतो.

फरक ओळखायची पहिली पायरी सुंदर आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. अ‍ॅड्रिनलची बाहेरची साल कॉर्टिसॉल बनवते आणि त्याचा कच्चा माल असतो कोलेस्टेरॉल. म्हणून त्या सालीतून निपजलेल्या अडिनोमाच्या पेशींत चरबी साठलेली असते. बाहेरून येऊन वसलेल्या कर्कपेशींना या साठ्याशी कर्तव्य नसतं. चरबी क्ष-किरणांना कमी अडवते. सीटी स्कॅनच्या शोधासाठी १९७९ चं नोबेल मिळवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने जे मोजमाप आहे, त्यात पाणी शून्यावर आणि हवा उणे हजारावर असते. औषध न टोचता काढलेल्या सीटीत एकसारख्या दिसणाऱ्या गाठीचा आकडा दहा किंवा त्याखाली आला, तर ती जवळजवळ नक्की निरुपद्रवी. फक्त उलट निष्कर्ष काढू नये. साधारण तिसरा हिस्सा अडिनोमांमध्ये चरबी कमी असते, त्यामुळे आकडा दहाच्या वर गेला म्हणून कर्करोग ठरत नाही. मग एमआरआय, पेट स्कॅन, काही वेळा सुईने काढलेला नमुना अशी पुढची पायरी चढावी लागते. आणि सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे जुना स्कॅन. चार वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी काढलेली फिल्म घरात गादीखाली पडलेली असेल आणि त्यातही हीच गाठ याच आकाराची असेल, तर एका जुन्या फिल्मने मोठा प्रश्न सुटतो. ती आणायला सांगायचं मात्र कोणाला तरी सुचायला हवं.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. क्षयरोग अ‍ॅड्रिनलमध्ये बसतो, हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही बसते, आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजवते. पेट स्कॅनमध्ये या गाठी कर्करोगासारख्याच चमकतात. यंत्राला साखर जास्त खाणारी पेशी दिसते, ती का खाते हे दिसत नाही. म्हणून दोन्ही अ‍ॅड्रिनल चमकल्या तर नमुना न पाहता थेट 'पसरलाय' म्हणणं ही आपल्याकडे इतर देशांपेक्षा मोठी चूक आहे. क्षयाला आणि बुरशीलाही औषधं आहेत.

'सुई लावली की कर्करोग पसरतो' ही भीती इथे हमखास आडवी येते. दुसऱ्या अवयवातून आलेल्या गाठीच्या बाबतीत ती बहुतांशी निराधार म्हणावी लागेल. तरीही या ग्रंथीत सुई घालण्याआधी थांबायची दोन खरी कारणं आहेत. ग्रंथीच्या गाभ्यात फिओक्रोमोसायटोमा नावाची, अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं ओतणारी गाठ असू शकते. तिला सुई लागली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उसळतो. त्यामुळे रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन्स (त्याच द्रव्यांचे अवशेष) आधी तपासावी लागतात. आणि कर्करोग खुद्द अ‍ॅड्रिनलमध्येच उपजल्याचा संशय असेल, तर सुई टाळून थेट शस्त्रक्रियेचा विचार करतात.

३. एकच जागा आणि अनेक जागा

१९९५ मध्ये सॅम्युएल हेलमन आणि राल्फ वाइक्सेलबाउम या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक कल्पना मांडली. जागेवरचा कर्करोग आणि सर्वदूर पसरलेला कर्करोग यांच्यामध्ये एक मधली अवस्था असते, जिथे गाठी मोजक्या असतात आणि त्या एकेक करून नष्ट केल्या तर काही रुग्णांचा आजार दीर्घकाळ आटोक्यात राहू शकतो. या कल्पनेची छाप पुढे टप्पे ठरवण्याच्या पद्धतीवरही पडली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या टप्प्यांच्या वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत छातीबाहेर एकच गाठ असलेल्या रुग्णाला अनेक गाठी असलेल्यापासून वेगळं खातं दिलं गेलं. घराघरात बोलली जाणारी 'चौथी स्टेज' मात्र अजून एकसंधच आहे.

अ‍ॅड्रिनल इथेही बोलकी आहे. फुप्फुसाचा कर्करोग फक्त एका अ‍ॅड्रिनलमध्ये गेलेला आणि ती ग्रंथी काढलेली, अशा ११४ रुग्णांची माहिती २००८ मध्ये एकत्र करून पाहिली गेली. मूळ आजाराबरोबरच ग्रंथीतली गाठ सापडलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितका काळ हयात राहिले तो) १२ महिने होतं. मागाहून उगवलेल्यांचं ३१ महिने. काळाचा प्रश्न का विचारायचा, ते या दोन आकड्यांत आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दोन्ही गटांत सुमारे चौथा हिस्सा रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगात तर मूळ शस्त्रक्रियेनंतर दहा-दहा वर्षांनीही एखाद्या अ‍ॅड्रिनलमध्ये एकटी गाठ उगवते. ती काढली जाते, आणि रुग्ण पुढची काही वर्षं शेतावर, नोकरीवर, नातवंडांत घालवू शकतो.

साधनंही बदलली आहेत. १९९२ मध्ये शल्यविशारद मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीतून अ‍ॅड्रिनल काढल्याचं जगापुढे मांडलं, तेव्हापासून योग्य रुग्णात पोट उभं चिरावं लागत नाही. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर मोजक्या बैठकांत नेमका, तीव्र किरणोपचार करता येतो. ९९ रुग्णांच्या एका चाचणीत एक ते पाच गाठी असलेल्या वेगवेगळ्या कर्करोगांच्या रुग्णांना असा किरणोपचार दिला गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मध्यक आयुष्य ४१ महिने होतं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांचं २८ महिने.

४. आक्षेप

पहिला आक्षेप जाणकारांचा, आणि तो भक्कम आहे. शस्त्रक्रियेसाठी निवडले जातात ते मुळातच बरे असलेले, संथ आजाराचे रुग्ण. त्यांचं आयुष्य लांबलं याचं श्रेय सुरीला द्यायचं की निवडीला? ११४ जणांच्या त्या आकड्यांवर हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो आणि मी तो मान्य करतो. ९९ जणांच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली होती, म्हणून तिचं वजन जास्त. पण तिच्यातही किरणोपचार मिळालेल्या ६६ पैकी तिघे उपचारामुळेच दगावले असण्याची शक्यता नोंदली गेली, हे लपवून चालणार नाही. पुढे फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत नव्या औषधांच्या जोडीला असा किरणोपचार देऊन फायदा दिसला नाही. मग माझा मुद्दा कोसळतो का? मी 'एकच गाठ असेल तर काढाच' असं म्हणत असतो, तर कोसळला असता. कोणाला फायदा होईल आणि कोणाला फक्त इजा, हे ओळखायचं असेल तर गाठी किती, केव्हा उगवल्या, औषधाला दबल्या का हेच विचारावं लागतं. त्या चाचण्यांच्या नकारात्मक निकालांनी हे प्रश्न अधिक टोकदार केले आहेत.

दुसरा आक्षेप मनाचा. लोकांना खोटी आशा लावून शेवटचे महिने दवाखान्याच्या बाकावर का घालवायला लावता? ही चिंता मला मनापासून पटते. पण 'पसरलाय, घरी न्या, सेवा करा' हा या चिंतेवरचा तोडगा नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्यापासून उपशामक सेवा जोडून दिली होती. त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं, अखेरच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी झाले, आणि मध्यक आयुष्य ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने दिसलं. उपशामक सेवा म्हणजे प्रश्न विचारणं बंद करणं, हा आपला समज आहे. प्रत्यक्षात वेदनेचं, भुकेचं, झोपेचं, धापेचं कारण चिकाटीने शोधणारे डॉक्टर याच शाखेत भेटतात. आणि खऱ्या माहितीवर उभी असलेली आशा खोटी नसते. 'पाच वर्षं मिळण्याची शक्यता चारात एक, तीही आजार इतरत्र नसेल तर' हे वाक्य रुग्णाला ऐकू द्यावं, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यावा. थोरल्या मुलाने दाराबाहेर घेतलेला निर्णय हा बापाचा निर्णय नसतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि महाराष्ट्रात तोच सर्वांत जड आहे. जमीन गहाण टाकून केलेले उपचार मी पाहिले आहेत, आणि त्या घरांना कोणी हिशेब समजावला नव्हता हेही पाहिलं आहे. म्हणूनच मी प्रश्नांवर अडून बसतो. सीटीतला दहाखालचा आकडा वाचला जाणं, जुनी फिल्म शोधणं, क्षयाची शंका घेणं यांना फारसे पैसे लागत नाहीत. उलट चुकून चौथ्या टप्प्यात ढकललेल्या रुग्णाचा खर्च, किंवा पन्नास गाठी असताना एक गाठ काढायला केलेली शस्त्रक्रिया, घर बुडवते. घाईने हात टेकणं आणि घाईने सगळं करणं या दोन्हींच्या मुळाशी न विचारलेला प्रश्नच असतो.

५. ग्रंथीचं काम कोण पाहतं?

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला बसलो तो. कर्करोग ज्या अवयवात गेला, त्या अवयवाचं काम चालू आहे का?

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अकरा रुग्णांची हकीकत छापली. गळून गेलेली, भूक मेलेली, सतत मळमळणारी, त्वचा काळवंडलेली ही माणसं हळूहळू विझत गेली आणि शवविच्छेदनात त्यांच्या अ‍ॅड्रिनल बिघडलेल्या आढळल्या. बहुतेकांना क्षय होता, काहींच्या ग्रंथीत कर्करोग होता. म्हणजे हा संबंध पहिल्या दिवसापासून वैद्यकाला माहीत आहे. तरी तो विसरला जातो, कारण ग्रंथी मंदावल्याची लक्षणं आणि कर्करोगाने खंगत जाण्याची लक्षणं जवळपास तीच आहेत: थकवा, वजन उतरणं, अन्नावर वासना नसणं, ओकाऱ्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. फरक सांगणाऱ्या खुणा बारीक असतात. रक्तातलं सोडियम खाली, पोटॅशियम वर, साखर खाली, बसल्यापेक्षा उभ्याने रक्तदाब बराच कमी, कधी खारट खाण्याची अनावर ओढ.

निसर्गाने इथे मोठी शिल्लक ठेवली आहे. दोन्ही ग्रंथींचा साधारण नव्वद टक्के भाग गेल्याशिवाय तुटवडा जाणवत नाही. त्यामुळे एका बाजूच्या गाठीने हे सहसा होत नाही, दोन्ही बाजूंच्या मोठ्या गाठींनी काहींना होतं. रुग्णांच्या संख्येत पाहिलं तर हे विरळच. पण आता कारणं वाढली आहेत. प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधं कधी मेंदूखालच्या पीयूषिकेला, कधी थेट अ‍ॅड्रिनलला सुजवतात आणि कॉर्टिसॉल बंद पाडतात. भूक वाढावी म्हणून दिलं जाणारं मेजेस्ट्रॉल ग्रंथीला झोपवतं. ओकारी थांबवायला आठवडेच्या आठवडे दिलेलं डेक्सामेथासोन अचानक बंद केलं तरी तेच. शिवाय थायरॉइडची गोळी कॉर्टिसॉलच्या आधी सुरू झाली, तर कसाबसा तगलेला माणूस कोसळतो.

तपासणी म्हणजे सकाळी आठच्या सुमाराला घेतलेलं रक्त, त्यातलं कॉर्टिसॉल, जोडीला ग्रंथीला चालना देणारं एसीटीएच, शंका उरली तर एक इंजेक्शन देऊन पुन्हा मोजणी. उपचार म्हणजे दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दोन-तीन वेळा विभागून, आणि ग्रंथीच निकामी असेल तर क्षार धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी. दोन्ही अ‍ॅड्रिनलशिवाय माणूस जगतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून सिद्ध आहे. शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारासाठी दोन्ही ग्रंथी मुद्दाम काढून रुग्णांना कॉर्टिसोनवर जगवलं होतं. या गोळ्यांनी कर्करोग बरा होत नाही. पण अंथरुणाला खिळलेली बाई दोन दिवसांत उठून बसते, स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खाते आणि पुढच्या उपचाराबद्दल स्वतः बोलते, एवढा फरक त्यांनी पडू शकतो.

अशा रुग्णाच्या घरी दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. ताप आला किंवा दात काढायचा असला, तर त्या दिवसांपुरता डोस दुप्पट-तिप्पट करायचा. आणि ओकाऱ्यांनी गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट न पाहता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, मग ते तालुक्याच्या दवाखान्यात का असेना. तिथल्या डॉक्टरांसाठी एका कागदावर मराठीत एवढं लिहून तो रुग्णाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लावता येतो. सध्या त्या पानावर बहुतेक वेळा टप्प्याचा आकडा असतो. सकाळी आठच्या कॉर्टिसॉलचा रकाना रिकामा असतो, कारण तो कोणी आखलेलाच नसतो.